चाकाखाली मुंगीचं दार

मुंगी होती. काळी होती. तिळाएवढी होती.

अंगणात शहाबादी फरशी होती. दोन फरश्यांच्या मध्ये फट होती. फटीत बारीक भोक होतं. ते मुंगीचं दार. दार एकच. खाली घर. घरात बहिणी. खूप बहिणी. मोजू नका, मोजून होणार नाहीत.

मुंगी सकाळी बाहेर गेली. तुरु तुरु, तुरु तुरु. भाकरीचा कण शोधला. तोंडात धरला. परत निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

तेवढ्यात अंगणात गाडी आली.

जुनी गाडी. निळी. आधी दुसऱ्याची होती. खूप गावं फिरली होती. खूप घाट चढली होती. आता ती केरबाआण्णांनी घेतली होती. विकणाऱ्यानं ती आणून सोडली. गुर्र गुर्र. खॉक खॉक. ठप. त्यानं किल्ली आण्णांच्या हातात दिली आणि तो गेला.

गाडी थांबली. चाक थांबलं. चाक नेमकं दारावर थांबलं.

मुंगी आली. दार नाही.

इकडून बघितलं. चाक. तिकडून बघितलं. चाक.

मुंगीनं कण खाली ठेवला. खाल्ला नाही. कण सगळ्यांचा असतो. एकटीनं खायचा नसतो.

मुंगी वाट बघत बसली. गाडी आज जाईल. गेली नाही. उद्या जाईल. गेली नाही. परवाही गेली नाही.

चाकाखालून आवाज यायचा. टिक टिक, टिक टिक. बहिणी आतून उकरत होत्या. मग तो आवाज बारीक झाला. मग येईनासा झाला.

मुंगी कधी एकटी नसते. पुढे एक असते. मागे एक असते. या मुंगीच्या पुढे कोणी नव्हतं. मागे कोणी नव्हतं.

मुंगी उठली. चाकाला म्हणाली,

"चाकदादा, चाकदादा."

"कोण गं?"

"मी मुंगी. दार उघडेना, मी एकटी बाहेर. चाकदादा, सरकतोस का?"

चाक म्हणालं, "मी आपला आपण सरकत नाही. माझी हवा पण गेलीय. पोट बघ, कसं टेकलंय. इंजिन फिरवेल तर सरकेन. नाहीतर नाही."

"इंजिन कुठं आहे?"

"वर. अंधारात."

मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. चाकावरून वर. पत्र्याखालून आत. आत अंधार. आत तेलाचा वास. आत कोणी नाही. फक्त इंजिन. मोठं. काळं. गार.

"इंजिनकाका, इंजिनकाका."

"कोण गं?"

"मी मुंगी. चाक सरकेना, दार उघडेना, मी एकटी बाहेर. इंजिनकाका, चाक फिरवता का?"

इंजिन म्हणालं, "माझं वय बघ. माझे घाट बघ. पूर्वी किल्ली फिरली की मी उठायचो. आता हाडं दुखतात. बॅटरी धक्का देईल तर उठेन. नाहीतर नाही."

"बॅटरी कुठं आहे?"

"कोपऱ्यात. माझ्याशी बोलत नाही हल्ली."

मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. वायरीवरून पलीकडे. कोपऱ्यात बॅटरी. चौकोनी. डोक्यावर दोन टोकं. टोकांवर पांढरं पांढरं साचलेलं.

"बॅटरीताई, बॅटरीताई."

"कोण गं?"

"मी मुंगी. इंजिन उठेना, चाक सरकेना, दार उघडेना, मी एकटी बाहेर. बॅटरीताई, धक्का देतेस का?"

बॅटरी म्हणाली, "माझ्यात आता एक-दोनच धक्के उरलेत. इंजिनात जुनं तेल आहे. काकवीसारखं झालंय. त्यात माझा धक्का रुतून बसेल. नवं तेल येईल तर धक्का देईन. नाहीतर नाही."

"नवं तेल कुठं आहे?"

"रस्त्यापलीकडे. बाबालाल मिस्त्रीच्या फळीवर."

मुंगी खाली उतरली. कण जागेवर होता. तिनं तो बघितला. पुढे निघाली.

रस्ता मोठा. मुंगी छोटी. ट्रक आला. धाड धाड धाड. मुंगी खडीत लपली. एसटी आली. भर्र भर्र भर्र. मुंगी पुन्हा लपली. मग रस्ता रिकामा झाला. इकडे कोणी नाही. तिकडे कोणी नाही. मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

बाबालाल मिस्त्रीचं गॅरेज. पत्र्याची शेड. शेडमध्ये फळी. फळीवर डबा. डब्यात नवं तेल. मधासारखं पिवळं.

"तेलबाबा, तेलबाबा."

"कोण गं?"

"मी मुंगी. बॅटरी धक्का देईना, इंजिन उठेना, चाक सरकेना, दार उघडेना, मी एकटी बाहेर. तेलबाबा, इंजिनात जाता का?"

तेल म्हणालं, "मला पाय आहेत का? मला वाट आहे का? आधी जुनं तेल काढायचं. मग मी जायचं. जुन्यावर मी बसत नाही. मिस्त्री ओतेल तर जाईन. नाहीतर नाही."

"मिस्त्री कुठं आहे?"

"तो काय. जीपखाली."

मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. जीपखालून दोन पाय बाहेर आले होते. बाकीचा मिस्त्री आत होता. मुंगी पायांशी बोलली.

"मिस्त्रीचाचा, मिस्त्रीचाचा."

"कोण आहे?" पाय म्हणाले.

"मी मुंगी. तेल डब्यातून निघेना, बॅटरी धक्का देईना, इंजिन उठेना, चाक सरकेना, दार उघडेना, मी एकटी बाहेर. मिस्त्रीचाचा, येता का?"

मिस्त्री सरपटत बाहेर आला. नाकाला ग्रीस. कपाळाला ग्रीस.

"कोणाची गाडी?"

"केरबाआण्णांची."

"ती निळी? रोज पुसतात ती?"

"तीच."

मिस्त्री हसला. "मी रोज बघतो इथून. सकाळी पुसतात. संध्याकाळी पुसतात. काच पुसतात. आरसा पुसतात. बॉनेट अजून एकदाही उघडलं नाही. वरून नवरदेव, आतून उपाशी."

"मग तुम्ही उघडा."

"बोलावल्याशिवाय मी दुसऱ्याच्या गाडीला हात लावत नाही. आण्णा हाक मारतील तर येईन. नाहीतर नाही."

मिस्त्री परत जीपखाली गेला. पाय तेवढे बाहेर राहिले.

मुंगी मागे फिरली. पुन्हा रस्ता. धाड धाड धाड. भर्र भर्र भर्र. पुन्हा खडी. पुन्हा तुरु तुरु.

अंगणात केरबाआण्णा होते. पांढऱ्या मिशा. हातात पिवळं फडकं. गाडी पुसत होते. फट फट, फट फट.

"आण्णा, आण्णा."

"कोण गं?"

"मी मुंगी. मिस्त्री येईना, तेल डब्यातून निघेना, बॅटरी धक्का देईना, इंजिन उठेना, चाक सरकेना, दार उघडेना, मी एकटी बाहेर. आण्णा, हाक मारता का?"

आण्णा पुसत राहिले. फट फट.

"मारून काय करू? मिस्त्री येईल. गाडी सुरू होईल. सुरू झाली की काढावी लागेल."

"मग काढा."

"कुंकू लावल्याशिवाय घेतलेली गाडी काढत नाहीत. आमच्यात नाही काढत."

"मग लावा."

"मी नाही लावायचं. बहिणीनं लावायचं."

"बहीण कुठं आहे?"

"हौसाक्का? नदीपलीकडे. तिला आता चालवत नाही."

"मग तिला आणा."

"तिला आणायलाच तर गाडी घेतली."

"मग गाडी काढा."

"कुंकू कुठं लागलंय?"

आण्णा पुन्हा पुसू लागले. फडकं तेवढं बोलत होतं. फट फट, फट फट.

मग आण्णा म्हणाले, "कुंकू लागेल तर हाक मारीन. नाहीतर नाही."

"कुंकू कुठं आहे?"

"घरात. देवळीत. करंड्यात."

मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. उंबऱ्यावरून आत. भिंतीवरून वर. देवळीत करंडा होता. लाकडी. झाकण वाकडं बसलेलं.

"करंडामामा, करंडामामा."

"कोण गं?"

"मी मुंगी. आण्णा हाक मारीनात, मिस्त्री येईना, तेल डब्यातून निघेना, बॅटरी धक्का देईना, इंजिन उठेना, चाक सरकेना, दार उघडेना, मी एकटी बाहेर. करंडामामा, कुंकू देता का?"

करंडा म्हणाला, "कुंकू आहे. भरपूर आहे. पण बोट लागतं. बहिणीचं बोट. या घरात फार दिवसांत बोट आलेलं नाही. बहीण येईल तर देईन. नाहीतर नाही."

आता कोणाकडे जायचं?

पुढे कोणी नव्हतं.

मुंगी देवळीच्या कडेला बसली. खाली घर दिसत होतं. एक खाट. एक ताट. एक तांब्या. ताटात अर्धी भाकरी. अर्धी भाकरी फडक्यात बांधून ठेवलेली. भिंतीवर एकच टोपी. दाराशी एकच चपलांचा जोड.

मुंगी त्या घराला म्हणाली,

"करंडा कुंकू देईना, आण्णा हाक मारीनात, मिस्त्री येईना, तेल डब्यातून निघेना, बॅटरी धक्का देईना, इंजिन उठेना, चाक सरकेना, दार उघडेना, मी एकटी बाहेर."

घर काही बोललं नाही.

मुंगी पुन्हा म्हणाली, हळू, "मी एकटी बाहेर. बहिणी आत."

आणि ती थांबली.

बहिणी आत.

मुंगी उठली. करंड्याकडे वळली.

"करंडामामा, कोण लागतं म्हणालात?"

"बहीण."

"मी बहीण आहे."

"कोणाची?"

"चाकाखाली आहेत त्या सगळ्यांची."

करंड्यानं विचार केला. लाकूड आहे. वेळ लागतो.

"बोट आहे का?"

"बोट नाही. पाय आहेत."

"बहिणीचे आहेत?"

"बहिणीचे आहेत."

"मग ये आत."

झाकण वाकडंच होतं. मुंगी फटीतून आत गेली. कुंकवात चालली. इकडून तिकडे. तिकडून इकडे. बाहेर आली. पाय लाल. पोट लाल. मिशांची टोकंसुद्धा लाल.

मुंगी निघाली. आता जपून. तुरु, तुरु. तुरु, तुरु. भिंतीवरून खाली. उंबऱ्यावरून बाहेर. चाकावरून वर. पत्र्यावरून वर. बॉनेटवर आली. मधोमध थांबली.

मग ती एका जागी फिरली. गोल गोल. गोल गोल. पायांचं कुंकू खाली उतरलं. पोटाचं कुंकू खाली उतरलं. निळ्या पत्र्यावर लाल ठिपका झाला. तिळाएवढा.

वरून फडकं आलं. फट. एकदा बाजूला. फट. आणखी जवळ.

मुंगी हलली नाही.

फडकं वर गेलं. आणि वरच राहिलं.

आण्णांनी वाकून बघितलं. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. ठिपका. ठिपक्याशेजारी मुंगी.

"हे कोणी लावलं?"

"मी."

"तू कोण?"

"बहीण."

आण्णांनी फडक्याची घडी केली. घडी खिशात ठेवली.

"बहिणीनं लावलं म्हणजे लागलं," आण्णा म्हणाले.

ते फाटकाशी गेले. दोन्ही हात तोंडाशी धरले.

"ओ बाबालाल."

रस्त्यापलीकडे जीपखालचे पाय हलले. मिस्त्री बाहेर आला. फळीवरून तेलाचा डबा घेतला. पाने घेतले. हवेचा पंप घेतला. रस्ता ओलांडून आला.

"शेवटी हाक आली म्हणायची," मिस्त्री म्हणाला. "मला वाटलं, गाडीला पुसून पुसून भोक पाडणार."

"काम बघ," आण्णा म्हणाले.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. खट. आत जाळी. आत पाला. मिस्त्रीनं आण्णांना जवळ बोलावलं.

"या इकडे. तुमचीच आहे. बघून घ्या."

आण्णांनी आत बघितलं. पहिल्यांदाच बघितलं.

"मी रोज पुसतो," आण्णा म्हणाले.

"पुसता. पण वरून. वरून तिला काही झालेलंच नाही."

मिस्त्री गाडीखाली गेला. बूच काढलं. जुनं तेल खाली आलं. काळं. जाड. थप, थप, थप. बूच लावलं. वरून नवं तेल ओतलं. गळ गळ गळ. तेल म्हणालं, "आता वाट मिळाली."

मिस्त्रीनं बॅटरी बघितली. आण्णांनी कढत पाणी आणलं. मिस्त्रीनं टोकांवर ओतलं. फस्स. पांढरं पांढरं निघून गेलं. तारेच्या ब्रशनं घासलं. खर खर, खर खर. बॅटरी म्हणाली, "आता डोकं हलकं झालं."

एक पट्टा होता. रबरी. त्याला भेगा पडल्या होत्या. मिस्त्रीनं नवा घातला. एक पाण्याची नळी होती. दाबली तर चिरली. ती बदलली. पाणी आटलं होतं. ते भरलं. चाकात हवा भरली. फुस फुस, फुस फुस. चाकाचं पोट वर उचललं. ब्रेक दाबून बघितला. पुन्हा दाबून बघितला.

"ब्रेक कशाला? गाडी तर उभीच आहे," आण्णा म्हणाले.

"निघणाऱ्याला थांबता आलं पाहिजे," मिस्त्री म्हणाला. "जुनी गाडी आहे आण्णा. आज पट्टा मागेल. पुढच्या महिन्यात दुसरं काही मागेल. मागतेय म्हणून रागवायचं नाही. रोज सकाळी बॉनेट उघडायचं. तेल बघायचं. पाणी बघायचं. हवा बघायची. आणि उभी ठेवायची नाही. उभी राहिली की मनानं खचते."

"कोण? गाडी?"

"गाडीच म्हणतोय मी," मिस्त्री म्हणाला.

आण्णा गाडीत बसले. मिस्त्री म्हणाला, "चाकापुढे लिंबू ठेवू का?"

"नको," आण्णा म्हणाले. "खाली घर आहे."

आण्णांनी किल्ली फिरवली.

खर्र. खर्र. ठप.

मुंगी भाकरीच्या कणाजवळ उभी होती. चाकाकडे बघत होती.

"घाई नको," मिस्त्री म्हणाला. "म्हातारं आहे. उठतंय. पुन्हा."

आण्णांनी पुन्हा किल्ली फिरवली.

खर्र. खर्र. खर्र. धड. धड धड. गुर्र गुर्र गुर्र.

करंड्यानं कुंकू दिलं.

आण्णांनी हाक मारली.

मिस्त्री आला.

तेल डब्यातून निघालं.

बॅटरीनं धक्का दिला.

इंजिन उठलं.

चाक सरकलं.

दार उघडलं.

आधी एक मिशी बाहेर आली. मग डोकं आलं. मग एक बहीण आली. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे तिसरी. मग मोजू नका.

बहिणींनी मुंगीच्या मिशांना मिशा लावल्या. "कुठं होतीस?" कोणी विचारलं नाही. "पाय लाल का?" तेही विचारलं नाही. मुंगीनं कण उचलला. पुढे एक झाली. मागे एक झाली. मुंगी घरात गेली.

गाडी फाटकातून बाहेर गेली. गुर्र गुर्र. लांब गेली. आवाज बारीक झाला. मग येईनासा झाला.

अंगण रिकामं झालं. मिस्त्रीनं पाने उचलले. तोही गेला.

दिवस मावळताना गाडी आली. गुर्र गुर्र. फाटकाशीच थांबली. आण्णा खाली उतरले. वाकले. फरशी बघत चालले.

गाडीतून आवाज आला. "केरबा, काय शोधतोस रे?"

ती हौसाक्का. नदीपलीकडची. मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती.

"दार शोधतोय," आण्णा म्हणाले.

"दार समोर आहे की. म्हातारा झालास."

"ते नाही. शेजाऱ्यांचं."

दार सापडलं. आण्णांनी दोन्ही बाजूंना एक एक वीट ठेवली. मग गाडी आत घेतली. बाजूला लावली. विटांपासून लांब.

हौसाक्का काठी टेकत उतरली. बॉनेटवरचा ठिपका तिला दिसला.

"हे कुंकू कोणी लावलं? मी लावायचं होतं."

"बहिणीनं लावलं."

"मी तर तिकडे होते."

"दुसरी आहे एक."

हौसाक्कानं आण्णांकडे बघितलं. ठिपक्याकडे बघितलं. विटांकडे बघितलं. विटांमधून मुंग्यांची रांग चालली होती. तिनं घरातून करंडा आणला. झाकण काढलं. बोट बुडवलं. छोट्या ठिपक्याशेजारी मोठा ठिपका लावला. छोटा पुसला नाही.

मग साखर आणली. चिमूटभर गाडीपुढे ठेवली. चिमूटभर आण्णांच्या हातावर ठेवली. चिमूटभर दारापाशी ठेवली.

साखर आत गेली. एक एक दाणा. पहिला दाणा त्या मुंगीनं उचलला. तो तिचा होता. पण तोही तिनं एकटीनं खाल्ला नाही.

त्या दिवशी घरात दोन ताटं होती.

हौसाक्का थोडे दिवस राहिली. मग गाडीतून परत गेली. आता घरात पुन्हा एक ताट. एक तांब्या. एकच टोपी.

पण आण्णा सकाळी उठतात. बॉनेट उघडतात. खट. तेल बघतात. पाणी बघतात. हवा बघतात. मग कधी नदीपलीकडे जातात. कधी नुसतेच फाटकापर्यंत जाऊन येतात, गाडी उभी राहू नये म्हणून. परत आले की गाडी बाजूला लावतात. पायरीवर बसतात. भाकरी खातात. एक कण खाली पडतो. आण्णा तो उचलत नाहीत.

तुरु तुरु, तुरु तुरु. कण घरी जातो.

चाक बाजूला उभं. दार उघडं. गाडी थांबली, गोष्टही थांबली. आता डोळे मिटा.